आज्जीचे नवरात्राचे उपास, दिवाळीचा फराळ आणि शुगरच्या गोळ्या: सगळं बंद करण्याआधी हे वाचा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा आहे की आई ७१ वर्षांच्या, फलटणला थोरल्या भावाकडे असतात, घरात वहिनी आणि दोन नातवंडं, तुम्ही आणि बहीण पुण्यात. आईंना बरीच वर्षं शुगर आणि बीपी. नवरात्राचे नऊ दिवस उपास, घरात घट, मग साफसफाई, दिवाळीचा सगळा फराळ घरीच, आणि कार्तिकात पहाटेची काकड आरती. गेल्या वर्षी अष्टमीला संध्याकाळी देवघरासमोर चक्कर येऊन पडल्या, नशिबाने हाड मोडलं नाही. आता तुम्ही भावंडांनी ठरवलंय की यंदा उपास बंद, फराळ विकतचा, काकड आरती बंद. आई रुसून बसल्यात आणि तुम्ही विचारताय की त्यांना समजवायचं कसं.

मी वाईत फॅमिली डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस करते, बरीच वर्षं झाली. भाद्रपद संपत आला की माझ्याकडे अशा आज्ज्या आणि त्यांची काळजीत पडलेली मुलं यायला लागतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

समजवायचं कसं हे नंतर बघू. आधी मला सांगा, गेल्या वर्षी पडल्या तेव्हा कोणी ग्लुकोमीटरने शुगर मोजली का, आणि त्या सकाळी त्यांनी कुठल्या गोळ्या घेतल्या होत्या? कारण तुम्ही लिहिलंय की "दगदगीमुळे चक्कर आली", आणि बहुतेक घरात असंच धरून चालतात, पण दगदग तर त्या वर्षभर करतात. पाच वाजता उठतात, पाणी भरतात, नातवाचा डबा होईपर्यंत वहिनींच्या हाताखाली उभ्या असतात, दुपारी जरा पडतात, संध्याकाळी देऊळ. तेव्हा चक्कर येत नाही. नवरात्रात वेगळं काय होतं तर जेवणाची वेळ बदलते, जेवणात काय आहे ते बदलतं, झोप बदलते, पाणी कमी होतं आणि वर ऑक्टोबरचं ऊन. दिवस सगळा बदलतो आणि गोळ्या मात्र जून महिन्यात लिहिल्या तशाच्या तशाच चालू राहतात. माझ्या अनुभवात नवरात्रातल्या चक्करेचं मूळ फार वेळा इथे असतं.

नीट सांगते. शुगरच्या गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड नावाची गोळी असेल (बऱ्याचदा मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत असते, पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा) तर ती गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाही. आता आज्जींचा उपासाचा दिवस डोळ्यासमोर आणा. सकाळी साडेसातला गोळी घेतली, कारण "डॉक्टरांनी सकाळची गोळी चुकवू नका सांगितलंय", त्याच्यावर अर्धा कप चहा. माळ, आरती, पोथी होईपर्यंत बारा. बाराला साबुदाण्याची खिचडी वाटीभर. साबुदाणा म्हणजे जवळपास सगळा स्टार्च, १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर पिष्ट असतं आणि प्रथिनं नावापुरती, त्यामुळे शुगर झपकन वर जाते आणि दोन-तीन तासांत परत उतरायला लागते, गोळीचं काम मात्र चालूच असतं. चार वाजता परत चहा. मग संध्याकाळची आरती होईपर्यंत काही खायचं नाही असा त्यांचा नेम. सात-साडेसातला शुगर ६०. हाताला थरथर, घाम, डोळ्यापुढे अंधारी. आणि म्हाताऱ्या माणसांत तर घाम-थरथर न होता नुसती चिडचिड किंवा विसरल्यासारखं बोलणं एवढंच दिसतं, घरच्यांना वाटतं उपासाने आई चिडल्यात. बीपीसाठी मेटोप्रोलोलसारखी गोळी चालू असेल तर छातीत धडधडायचं लक्षणही दबलं जातं.

दुसरी शक्यता बीपीची. बीपीच्या गोळीत पाण्याची गोळी मिसळलेली असेल (हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन) तर ती लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढते. नवरात्रात खाणं कमी, त्यात पुष्कळ आज्ज्या मुद्दाम पाणी कमी पितात कारण पूजेतून सारखं उठायला नको, देवळात बायकांसाठी सोय धड नसते, आणि सोवळ्यात असताना बाथरूमला जाणं म्हणजे परत आंघोळ. हे त्या मुलाला सांगणार नाहीत, मला दार लावल्यावर सांगतात. मग तासभर घटासमोर मांडी घालून बसल्यावर एकदम उठल्या की बीपी खाली येतं आणि माणूस कोसळतं. रक्तातलं सोडियमही या गोळ्यांनी उतरतं, विशेषतः वयस्कर बायकांत, आणि मग नुसता थकवा, गोंधळल्यासारखं होणं, तोल जाणं. सैंधव मीठ बीपीला चालतं हाही एक मोठा समज आहे, तेही मीठच आहे, तेवढंच मोजून खायचं.

आणि तिसरी गोष्ट कोणी लक्षातच घेत नाही, ती म्हणजे रात्रीचा दिवा. घट बसले की अखंड दिवा असतो आणि तो विझू नये ही जबाबदारी घरात एकट्या आज्जीची असते. माझ्याकडे येणाऱ्या एक आज्जी नऊ रात्री देवघराच्या उंबऱ्याशी चटई टाकून झोपतात, रात्री एकदा अकराला, एकदा दोनला, एकदा चारला उठून तेल घालतात, वात पुढे सरकवतात, काजळी झाडतात. अंधारात, चष्मा न लावता, अर्धवट झोपेत, हातात तेलाची बुधली. तेल एखादा थेंब तरी फरशीवर सांडतंच. आता तुम्ही सांगा, अशा पाच-सहा रात्री झाल्यावर अष्टमीला माणूस पडलं तर दोष उपासाचा का? त्यांच्याकडे आम्ही एवढंच केलं की खोलगट मोठा दिवा आणला ज्यात रात्रभराचं तेल मावतं, वाऱ्यासाठी बाजूने काच लावली, कॉलेजातल्या नातवाला दोनची पाळी दिली (तो तसाही जागाच असतो मोबाईलवर) आणि देवघराबाहेर झिरोचा दिवा. आज्जी अजून तिथेच चटईवर झोपतात, पण झोपतात.

आता हे स्पष्ट सांगते की सगळ्यांना एकच उत्तर नाही. आई इन्सुलिनवर असतील, किडनी कमजोर असेल, गेल्या काही महिन्यांत हार्टचा त्रास किंवा अ‍ॅडमिट होणं झालं असेल, आधी कधी शुगर उतरून बेशुद्ध पडल्या असतील, किंवा विसराळूपणा इतका वाढलाय की गोळी घेतली का तेच आठवत नाही, तर मी नऊ दिवसांच्या उपासाला सरळ नाही म्हणते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही नवीन गोळी चालू असेल तर तीही उपासाआधी डॉक्टरांना सांगायलाच हवी, ती लघवीतून साखर आणि पाणी काढते, आणि खाणं फार कमी झालं तर शुगर फारशी चढलेली नसतानाही शरीरात कीटोन नावाची आम्लं वाढून माणूस गंभीर होऊ शकतं. उलट नुसती मेटफॉर्मिन असेल, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) सातच्या आसपास असेल, किडनी चांगली असेल, तर थोडे बदल करून उपास बहुतेकींना झेपतात. तुमच्या आई यातल्या कुठे बसतात हे मला इथे बसून सांगता येणार नाही, पाकिटं बघूनच कळेल.

नाही म्हणायची वेळ आली तरी मी "उपास सोडा" म्हणत नाही. आपल्याकडे यातून वाट आधीपासूनच आहे, आपल्या आज्ज्यांच्या सासवांनीच काढून ठेवलेली. उठता-बसता उपास, म्हणजे घट बसतात त्या दिवशी आणि उठतात त्या दिवशी. एकभुक्त, म्हणजे एक वेळ नीट जेवण. धान्यफराळ, म्हणजे धान्य भाजून घेऊन मग शिजवायचं, भाजलेल्या तांदळाचा भात, भाजणीचं थालीपीठ, बऱ्याच घरात वयस्कर आणि बाळंतीण बायकांना हे चालतंच. आणि शेवटचं म्हणजे उपास सुनेकडे देणं. हे आईंना मान्य होतं कारण ते घराण्यातलंच आहे, मुलाने पुण्याहून फोनवर काढलेला नियम नाही. मी स्वतः हे सुचवताना म्हणते, "आज्जी, तुमच्या सासूबाईंनी कितव्या वर्षी उपास दिला हो तुमच्याकडे?" निम्म्या जणी तिथेच हसतात.

करायचं काय ते सांगते. पितृपक्षात, घट बसायच्या आठ-दहा दिवस आधी, सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जायचं. नुसतं "उपास आहेत" असं सांगून भागत नाही, दिवस कसा असणार तो सांगायचा, पहिला घास किती वाजता, शेवटचा किती वाजता, मध्ये काय. मग डॉक्टर ग्लिमेपिराइड कमी करतील किंवा मोठ्या जेवणाच्या वेळेला हलवतील, पाण्याच्या गोळीचं बघतील. स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका, नऊ दिवस काहीच न घेता साबुदाणे वडे खाऊन दसऱ्याला ४०० शुगर घेऊन आलेल्याही बघितल्यात. तिथेच बीपी एकदा झोपवून आणि एकदा उभं करून मोजायला सांगा, उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने उतरला तर तोच तुमच्या चक्करेचा धागा. क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि सोडियम या दोन साध्या रक्ततपासण्या करून घ्या. पाय बघायला सांगा, तळव्याला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर दुपारच्या उन्हात देवळाच्या फरशीवर अनवाणी चालून भाजलं तरी त्यांना कळत नाही, असे फोड मी दरवर्षी बघते. सकाळी लवकर जायचं आणि घरी आल्यावर तळवे वहिनींनी किंवा नातीने बघायचे.

खाण्यात साबुदाणा पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही, पण रोजचा मुख्य पदार्थ तो नको. वरीचा भात आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ (राजगिऱ्यात १०० ग्रॅमला १३-१४ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे पोटाला आधार), लाल भोपळ्याची भाजी, काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून, ताक, दही. थोडं थोडं चार वेळा. संध्याकाळच्या आरतीआधी पाच वाजता काहीतरी पोटात गेलंच पाहिजे, मूठभर भाजलेले दाणे आणि कपभर दूध एवढं तरी, हा एक नेम त्यांनी बदलला तरी निम्मं काम होतं. भगरीबद्दल, म्हणजे वरीबद्दलच, एक सांगून ठेवते, नवरात्रात आणि महाशिवरात्रीला भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याकडे येतात, ओलसर जागी ठेवलेल्या भगरीला बुरशी लागते आणि मग उलट्या, चक्कर, हातपाय थरथरणं. पाकीटबंद घ्या, तारीख बघा, सुटं तयार पीठ आणू नका, धुऊन भाजून शिजवा आणि सकाळची रात्री खाऊ नका, ऑक्टोबरच्या उकाड्यात टिकत नाही.

ग्लुकोमीटर घरात ठेवा आणि नातवंडांपैकी मोठं असेल त्याला शिकवा, ती मुलं हे आनंदाने करतात आणि आज्जी त्यांच्यासमोर बोट पुढे करतात. ७० च्या खाली आली की तीन छोटे चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत मोजा, चढली नसेल तर परत तेवढीच, चढली की काहीतरी खायला द्या. साखर उपासाला चालते त्यामुळे तिथे वाद होत नाही. ग्लिमेपिराइडवाल्यांची शुगर काही तासांनी परत उतरू शकते म्हणून त्या रात्री एकटं झोपवू नका, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवा. बेशुद्ध असतील तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन.

साफसफाईचं एकच सांगते, स्टूलवर चढायचं नाही. जाळी काढणं, माळ्यावरचे डबे उतरवणं, पडदे, हे तुम्ही एका रविवारी येऊन करा. खुब्याचं हाड मोडलेल्या किती आज्ज्या मला सांगतात, "अगं एकच डबा काढायचा होता." पावसाळ्यानंतरचे हे दिवस डेंग्यूचेही असतात म्हणून पाण्याची पिंपं आणि हौद आठवड्यातून एकदा रिकामे करून घासा, फ्रीजमागचा ट्रे बघा, आणि ताप आला तर पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी मेडिकलमधून आणून देऊ नका.

आता फराळ. तुम्ही लिहिलंय विकत आणू, आईला त्रास नको. इथे मी तुमच्याशी सहमत नाही. वर्षभर त्या घरात वहिनींचं स्वयंपाकघर असतं, आणि ते बरोबरच आहे, पण भाजणी भाजायची वेळ आली की सगळं घर आईंना विचारतं. डाळ किती, तांदूळ किती, धणे-जिरे कधी घालायचे, आणि भाजणी झाली का हे त्या लांबून वासावरून सांगतात, गॅसजवळ न येता. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं, मग फडक्यावर पसरून दमट असतानाच कुटायचे, गूळ किती मुरवायचा, हे त्यांच्या हातात आहे आणि वहिनींनी अजून पूर्ण उचललेलं नाही. ते काम काढून घेतलंत तर आईंची दगदग जरा कमी होईल खरी, पण त्या खोलीत नुसत्या बसून राहतील. मी बघितलंय, ज्या घरात एका वर्षात सगळं बंद केलं तिथल्या आज्जी दिवाळीनंतर चालायच्या कमी होतात, भूक जाते, आणि मग मुलं मला विचारतात की ताकदीचं टॉनिक द्या.

काम तोडायचं कसं ते बघा. उभं राहून, आचेजवळ, जड उचलून करायचं जे आहे ते इतरांनी, म्हणजे भाजणं, तळणं, दळायला नेणं, तेलाची कढई उतरवणं. बसून, हाताने, अंदाजाने करायचं ते आईंनी. करंजीला मुरड घालणं, शंकरपाळ्या कातणं, चकलीचं पीठ मळून झालं की चिमटीत घेऊन मोहन बरोबर आहे का बघणं, चिवड्याचे पोहे उन्हात टाकून कावळ्यांकडे लक्ष ठेवणं. चकलीचा सोऱ्या त्यांना फिरवायला देऊ नका, अंगठ्याच्या मुळाशी जो सांधा असतो तो या वयात झिजलेला असतो आणि दोन किलोच्या चकल्या पाडल्यावर पुढचे पंधरा दिवस हात वर होत नाही. खाली पाटावर बसणं गुडघ्यांना जमत नसेल तर डायनिंग टेबलावर पोळपाट ठेवा. आणि एका दिवसात एकच पदार्थ, दुपारी एक ते चार सुट्टी. आमच्याकडे बायका हौसेने एका दिवसात चकल्या आणि शेव दोन्ही उरकतात आणि मग आठवडाभर कंबर धरून बसतात.

चव बघणं हा शुगरवाल्यांचा खरा प्रश्न असतो. गोड पदार्थ "जरा बघते" म्हणून तोंडात जातात त्याची मोजदाद कोणी ठेवत नाही, त्यामुळे गोडाची चव वहिनींनी किंवा नातवंडांनी बघायची, तिखट-मिठाची आईंनी. दिवाळीच्या चार दिवसांत एक करंजी किंवा अर्धा लाडू खाल्ला म्हणून काही बिघडत नाही, फक्त तो थोडं कमी जेवून जेवणातच खायचा, पूर्ण जेवण झाल्यावर वर नको, आणि नंतर अंगणात वीस मिनिटं फेऱ्या. कोजागरीचं मसाला दूधही तसंच, छोटा कप, साखर कमी.

नरक चतुर्दशीच्या पहाटेबद्दल मला कळकळीने सांगायचंय, कारण दिवाळीत माझ्याकडे येणारी सगळ्यात वाईट केस तिथली असते. अंगाला तेल, तळव्यांना तेल, त्यावर उटणं, बाथरूमची टाइल ओली, साबणाचा फेस, पहाटेची अर्धवट झोप आणि भरपूर गरम पाणी, त्याने बीपीही खाली येतं. तेल बाहेर खुर्चीवर बसवून लावा. उठायच्या आधी दोन्ही तळवे उटण्याच्या कोरड्या पिठाने चोळून पंचाने पुसा, अगदी बोटांच्या मधलंसुद्धा. बाथरूममध्ये प्लास्टिकची पक्की खुर्ची किंवा उंच स्टूल, बसूनच आंघोळ, पाणी दुसऱ्या कोणीतरी हात घालून बघितलेलं. दाराला आतून कडी नाही. आणि भिंतीला धरायला दांडी बसवून घ्या, प्लंबरचं तासाभराचं काम आहे, दिवाळीला साडी आणता त्याच्या आधी हे आणा. फटाक्यांच्या धुराचं मात्र दम्याच्या पेशंटनेच जास्त बघायचं, तुमच्या आईंना दमा नसेल तर त्या वेळी खिडक्या लावून आत बसल्या तरी पुरे.

काकड आरती बंद करू नका. पहाटे उठून आवरून चार बायकांबरोबर देवळात जाणं, तासभर म्हणणं, परत येताना गप्पा, यात चालणं आहे, आवाज आहे, माणसं आहेत. मी गोळ्यांनी यातलं काहीच देऊ शकत नाही. फक्त कार्तिकात पहाटे एकदम गार असतं, त्यामुळे कानाला स्कार्फ, स्वेटर, बॅटरी, पायात घट्ट बसणारी चप्पल, हातात काठी, आणि शेजारच्या काकूंची सोबत ठरलेली. जाताना दोन बिस्किटं आणि कपभर दूध. आणि पहाटे दम लागला, घाम सुटला, जबडा किंवा पाठ दुखली, तर छातीत दुखत नाहीये म्हणून घरी थांबू नका, शुगरवाल्या बायकांत हार्ट अ‍ॅटॅक असाही येतो. लगेच ईसीजी.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण लिहिते. भाऊबीज झाली की तुम्ही सगळे निघता, दुपारपर्यंत घर रिकामं होतं. कार्तिकाच्या त्या आठवड्यात माझ्याकडे आज्ज्यांची गर्दी असते, झोप नाही, पोट बरं नाही, अंग दुखतंय, आणि तपासलं तर फारसं काही नसतं. तुळशीचं लग्न तेव्हा फार उपयोगी पडतं, वृंदावन रंगवायचं असतं, ऊस आणायचा, चिंचा-आवळे, बोरं, शेजारणींना बोलवायचं. शक्य असेल तर त्या दिवशी तुम्ही किंवा बहीण परत एक फेरी मारा, नाही जमलं तर त्या आठवड्यात रोज फोन करा आणि तब्येतीऐवजी लग्नाला कोण कोण आलं होतं ते विचारा.

म्हणजे थोडक्यात, उपास असतील तर गोळ्या उपासाच्या दिवसाप्रमाणे बसवून घ्या, रात्रीच्या दिव्याची पाळी वाटून घ्या, फराळात उभं राहायचं काम काढा आणि बसायचं ठेवा, बाथरूममध्ये दांडी लावा.

आता समजवायचं कसं. तुमच्या प्रश्नात मला एक खटकलं, सगळं तुम्ही भावंडांनी फोनवर ठरवलंत, आईंना विचारलं नाही आणि वहिनींना तर नाहीच. विकतचा फराळ आणला तरी घर आवरणं, पाहुणे, नैवेद्य, रुसलेल्या सासूबाई हे सगळं वहिनींच्याच अंगावर पडणार आहे, आणि आई घसरल्या तर धावत त्याच जाणार आहेत. त्यामुळे आधी वहिनींना फोन करा आणि त्यांना काय झेपतं, कशात मदत हवी ते नीट ऐकून घ्या, वरकामाला चार दिवस बाई लावायची तर पैसे तुम्ही दोघांनी द्या. मग आईंशी बोलताना "हे करू नकोस" ऐवजी "यातलं काय काय तुलाच करायचंय" असं विचारा. त्या दोन-तीन गोष्टी सांगतील, सगळं नाही सांगणार, बाकीचं सोडायला त्या स्वतःच तयार असतात, फक्त कोणी विचारत नाही. माझ्या पेशंटमध्ये बहुतेकींचं उत्तर घट, अनारसे आणि देऊळ याच्या आसपासच असतं.

डॉक्टरांकडे जाताना आईंबरोबर भावाला न पाठवता वहिनींना पाठवा, कारण किती वाजता काय खाल्लं जातं हे त्यांनाच माहीत असतं, आणि गोळ्यांच्या वेळा लिहिलेला कागद शेवटी त्यांच्याच फ्रीजवर लागणार आहे. पाकिटांवरची नावं आणि डोस इथे टाकलेत तर कुठल्या गोळीबद्दल डॉक्टरांना मुद्दाम विचारायचं ते मी सांगेन.